बीपबाईचा दावा

गल्लीत अजूनही अशी वदंता आहे की आत्याने वकिलाच्या ऑफिसात बॉम्ब फोडला.

कोपऱ्यावरचा वाणी ही गोष्ट सांगतो तेव्हा टेबल उडून छताला चिकटतं. "मी स्वतः ऐकला ना आवाज! इथे, इथे धस्स झालं!" असं म्हणून तो छातीवर हात आपटतो, आणि ते ऑफिस तिथून चार बसथांबे लांब आहे हे त्याला कुणी सांगत नाही. इस्त्रीवाल्याच्या गोष्टीत टेबल जागेवर राहतं, पण वकीलबाईंच्या भुवया जातात. तळमजल्यावरचे आजोबा आवाज खाली आणून, दर दोन शब्दांनी घसा खाकरत सांगतात, "शांत दिसणारी... हं हं... माणसंच... हं हं... धोक्याची."

ह्यात खरं इतकंच की आवाज झाला होता. बॉम्ब नव्हता. करंगळीच्या पेराएवढा कपॅसिटर होता, म्हणजे वीज घटकाभर साठवून ठेवणारा छोटासा डबा. त्याला दोन पाय असतात, आणि ते उलटे लावले की तो फुगतो, रुसतो आणि फुटतो. तो आत्याने उलटा लावला, मुद्दाम लावला, डोळ्यांवर जाड चष्मा चढवून आणि सगळ्यांना चार पावलं मागे सारून लावला. कारण ज्या इंजिनियरचं ते सर्किट होतं त्याने आपल्या अर्जात नुसतं लिहिलं होतं, 'कपॅसिटर पुरवठ्याला जोडलेला.'

"कुठला पाय कुठे?" आत्याने विचारलं.

"अहो ताई, ते कुणालाही कळतं!"

"लिहिलंय का?"

"लिहायचं काय त्यात? शेंबड्या पोरालाही—"

"मी शेंबड्या पोराहून ढ आहे असं समजा," आत्या म्हणाली. आधी एका बाजूने लावला, काही झालं नाही. मग दुसऱ्या बाजूने लावला. फट्! कागदाचा भुगा वर उडाला आणि सावकाश, बर्फासारखा, इंजिनियरच्या चहात उतरला. वकीलबाईंच्या भुवया होत्या तिथेच राहिल्या, फक्त खूप वर जाऊन राहिल्या. इंजिनियरने मुकाट्याने पेन काढलं आणि कुठला पाय कुठे ते लिहिलं.

ही आत्याची नोकरी. बावीस वर्षं ती एका कारखान्यात बिघडलेले बोर्ड दुरुस्त करायची. तो कारखाना बंद पडल्यावर ती लोकांचे चार्जर आणि इस्त्र्या दुरुस्त करत फिरत होती, तेव्हा एकदा वकीलबाईंच्या ऑफिसातला इन्व्हर्टर बघायला गेली. इन्व्हर्टर दहा मिनिटांत सुरू झाला. हात पुसता पुसता तिची नजर टेबलावरच्या कागदावर गेली आणि ती सहज म्हणाली, "ही चौथी तार कुठे जाते हो?" वकीलबाईंनी कागद पाहिला. मग परत पाहिला. वकीलबाई नेहमी घाईत असल्यासारख्या बोलतात, वाक्याचं शेपूट गिळतात. त्या दिवशी त्यांनी अख्खं वाक्य गिळलं आणि थेट विचारलं, "सोमवारपासून याल?"

त्या ऑफिसात लोक आपापल्या शोधांसाठी पेटंटचा अर्ज करायला येतात. अर्जात आधी लांबलचक वर्णन, आकृत्या, आणि शेवटी दावे. दावा म्हणजे शब्दांचं कुंपण, एवढी जागा माझी, बाकी तुमची. सरकारी तपासनीस ते कुंपण चालून बघतो. कुठे भोक दिसलं, कुठे कुंपण नक्की कुठून जातं तेच कळेना, की तो अर्ज परत पाठवतो: दावा अस्पष्ट आहे. ते पत्र यायच्या आधी भोक शोधणं हे आत्याचं काम. तिची रीत साधी होती. वर्णन वाचायचं नाही, आकृती बघायची नाही. फक्त दावा समोर ठेवायचा, त्यात जेवढे भाग लिहिलेत तेवढेच, तारा नुसत्या खोचून जोडता येतात अशा भोकाभोकांच्या पाटीवर मांडायचे, आणि जी जोडणी लिहिलीय तेवढीच करायची. जे लिहिलेलं नाही ते जोडायचं नाही, मग ते कितीही उघड असो. मग मीटर घ्यायचा आणि त्याचे दोन प्रोब, म्हणजे तारेच्या टोकाच्या सुया, लावून टोकं तपासायची. जोडलेलं असेल तिथे मीटर वाजतो, टीं! नसेल तिथे गप्प. दिवसभर तिच्या टेबलावरून टीं टीं चालायचं, म्हणून ऑफिसात तिला मागून सगळे बीपबाई म्हणायचे. तोंडावर ताई. तिला दोन्ही माहीत होतं.

अर्ध्याअधिक दाव्यांची गत एकच. आठ भागांची नावं ओळीने, आणि एकमेकांशी संबंध कुणाचाच नाही. "हे सर्किट नाही," आत्या मान वर करून, चष्मा कपाळावर ढकलून म्हणायची, "ही बाजाराची पिशवी आहे." दुसऱ्या तऱ्हेच्या लोकांचा दावा म्हणजे नवसच. 'अशी रचना, की जेणेकरून मोटर गरम होणार नाही.' आत्या विचारायची, "होणार नाही ते ठीक. पण का होणार नाही, ते लिहिलंय का?" शोध लावणारी माणसं चिडायची, लाल व्हायची, एक जण तर रडला. आत्याला त्यांची कीव यायची आणि थोडं हसूही यायचं. स्वतःच्याच सर्किटबद्दल माणूस इतका आंधळा कसा होतो, हे तिला कधी कळलं नव्हतं.

पुढे कळलं.

घरात आत्या, तिचा मोठा भाऊ, वहिनी आणि त्या दोघांची मुलगी, म्हणजे आत्याची भाची. भाऊ मालगाडीवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. भाची पंधरा वर्षांची आणि सगळ्यांच्या नकला करणारी. हे तिनेच लिहिलंय, तेव्हा कोण कसं बोललं ह्याबद्दल शंका नसावी. आणि वहिनी कपड्यांच्या कारखान्यात, तीस मशीन्सच्या रांगेत खिडकीकडून चौथ्या मशीनवर, कॉलर शिवणारी.

तीन वर्षांपूर्वी भर दुपारी त्या कारखान्यात लाइट गेली. मशीन थांबलं, वहिनीचा पाय पायडलवर तसाच राहिला. अडकलेलं कापड सोडवायला ती वाकली, बोट सुईखाली गेलं, आणि लाइट आली. सुई नखातून आरपार. दोन महिने बोट बांधलेलं. "मशीनची काय चूक?" वहिनी सांगायची. "पाय माझाच होता ना." तिचं बोलणं असंच, धाग्यासारखं सरळ, गाठ न मारलेलं.

आत्याला ते पटलं नाही. "पाय तर राहणारच पायडलवर. माणूस आहे. मशीननेच विचारायला नको का, बाई गं, आधी पाय उचललास का?"

मग तिने तसं विचारणारं सर्किट बनवलं. त्यातली कल्पना कुणालाही समजेल. पायडलखाली तीन टोकांचा एक स्विच. पाय वर असला की तो कपॅसिटरमध्ये वीज भरतो. पाय खाली दाबला की तोच स्विच कपॅसिटरमधली वीज रिलेकडे सोडतो. रिले म्हणजे मोटरचा दरवान. त्याला तो एक धक्का मिळाला की तो दार उघडतो आणि मग स्वतःच धरून ठेवतो. लाइट गेली की दरवानाचा हात सुटतो, दार बंद. लाइट परत आली तेव्हा पाय दाबलेलाच असेल, तर कपॅसिटर रिकामा, धक्का नाही, दार बंदच. पाय एकदा उचला, मग दाबा, तरच मशीन चालेल. कपॅसिटर, स्विच, रिले, आणि वीज थोडी अडवून धरणारे दोन रेझिस्टर. आगपेटीत मावेल एवढा बोर्ड.

शिलाई मशीन बनवणाऱ्या एका कंपनीने तो पाहिला आणि प्रत्येक नव्या मशीनमध्ये बसवायची तयारी दाखवली. अट एकच, पेटंट मिळालं पाहिजे, नाहीतर ते हात लावणार नाहीत. म्हणून आत्याने अर्ज केला. दावा स्वतः लिहिला. वकीलबाई म्हणाल्या, "ताई, दुसऱ्या कुणालातरी तपासाय—" शेपूट गिळलं, पण अर्थ कळला. आत्या हसली. दावे तपासणारी तीच, तिचा दावा कोण तपासणार?

अर्जात एका गोष्टीवरून दोघींचं वाजलंही. वर्णनाच्या शेवटी आत्याने एक परिच्छेद घातला होता, बोर्ड तयार झाल्यावर तो कसा तपासावा ह्याचा. वकीलबाई म्हणाल्या, "हे पेटंट आहे, दुरुस्तीचं पुस्तक नाही." आत्या म्हणाली, "तपासला नाही तो बोर्ड अर्धा. राहू द्या." वकीलबाईंना दुसऱ्या सुनावणीला पळायचं होतं. परिच्छेद राहिला, आणि पुढे दोघीही तो साफ विसरल्या.

सव्वा वर्षाने पत्र आलं. सरकारी पत्राला एक आवाज असतो, नाकातून येणारा. 'पहिला दावा अस्पष्ट आहे. रिले पाय उचलल्याशिवाय चालू होणार नाही असे म्हटले आहे, परंतु तो परिणाम कोणत्या जोडणीमुळे साधतो ते दाव्यात नाही. कपॅसिटरचा स्विचशी असलेला संबंध सांगितलेला नाही. आकृतीत दोन्ही चौकोन शेजारी शेजारी आहेत, तथापि शेजारी असणे म्हणजे जोडलेले असणे नव्हे.' आणि खाली, दोन महिन्यांत समाधानकारक उत्तर न आल्यास अर्ज सोडून दिला असे मानण्यात येईल.

"सोडून दिला!" आत्या कडाडली. "मी सोडून दिला? ह्या माणसाने जन्मात कधी सोल्डरिंगची कांडी हातात धरलीय का? संबंध सांगितलेला नाही म्हणे. अहो, ते कुणालाही कळतं!"

भाची आणि वहिनी एकमेकींकडे पाहत राहिल्या.

ऑफिसात वकीलबाईंनी चष्मा काढून सांगितलं, आणि त्या वेळी त्यांनी एकही शेपूट गिळलं नाही, म्हणजे प्रकरण गंभीर. "ताई, दावा बदलता येतो. पण त्यात जे घालायचं, ते पहिल्या दिवशी दिलेल्या कागदांत असलं पाहिजे. बाहेरून आता एक टाचणीही आणता येत नाही. आणि नवा अर्ज करावा, तर हा छापून सगळ्यांसमोर आलाय, म्हणजे शोध नवा उरला नाही. आपलाच जुना कागद आपल्या आडवा येईल."

म्हणजे ह्या कागदांत उत्तर नसेल तर सर्किट मेलं. आगपेटीएवढा बोर्ड वहिनीच्या एका मशीनवर राहील, आणि जगातल्या बाकी सगळ्या पायडलांवर सगळे पाय तसेच.

आत्याने आठ दिवस तो दावा वाचला. उठता बसता वाचला, आंघोळीला जाताना वाचला. प्रत्येक वेळी तिला तो स्वच्छ दिसायचा. काचेसारखा. चिडून चिडून ती घरातल्या प्रत्येकाला तो समजावून सांगायची, आणि सांगताना कागदाकडे बघायचीच नाही, हात हवेत नाचवायची. हे वहिनीच्या ध्यानात आलं. रविवारी सकाळी तिने जेवणाचं टेबल पुसलं, आत्याची भोकांची पाटी आणि सुट्या भागांचा डबा आणून ठेवला, आणि खुर्ची ओढून बसली.

"वाचा वन्सं. मी लावते."

"तू? तुला रिले कुठला ते तरी कळतं का?"

"नाही. म्हणूनच तर."

आत्याने भाग ओळीने मांडून एकेकाचं नाव सांगितलं, आणि दावा वाचायला सुरुवात केली. वहिनीची बोटं कॉलर शिवणारी, तारा कशा सुतासारख्या सरळ बसत होत्या. स्विचचं वरचं टोक पुरवठ्याला. लावलं. स्विचचं खालचं टोक रिलेला. लावलं. कपॅसिटरचा खालचा पाय जमिनीला. "कुठल्या जमिनीला?" वहिनीने फरशीकडे पाहिलं. "ही, ही काळी पट्टी, हिलाच जमीन म्हणतात." "बरं." लावलं. रिलेचं धरून ठेवायचं टोक, रेझिस्टर एक, रेझिस्टर दोन. लावले.

"'...जेणेकरून पाय उचलल्याशिवाय रिले चालू होणार नाही,'" आत्याने वाचलं आणि कागद खाली ठेवला. "झालं."

"झालं कुठे? ही दोन उरली." वहिनीने दुखऱ्या बोटाने दाखवलं. कपॅसिटरचा वरचा पाय हवेत उभा होता. स्विचचं मधलं टोकही रिकामं, लग्नात ओळख नसलेल्या पाहुण्यासारखं. "ह्यांना कुठे लावू?"

"अगं, एकमेकांना! आणखी कुठे?"

"लिहिलंय का?" वहिनी म्हणाली.

तिने ते अजिबात नक्कल न करता, साध्या आवाजात विचारलं, म्हणून जास्त लागलं. भाचीला हसू फुटलं होतं, ते तिने दाबून धरलं. आत्याने कागद उचलला. वरून खाली वाचला, मग बोट ठेवून वाचला. नव्हतं लिहिलेलं. एक शब्द नव्हता.

"पण त्यांच्यात तार नसतेच," आत्या हळूच म्हणाली, दुसऱ्या कुणाशीतरी बोलत असल्यासारखी. "मी कपॅसिटर स्विचच्या पाठीवरच बसवते. त्याचा पाय वाकवायचा, मधल्या टोकात घालायचा, सोल्डरचा डाग द्यायचा. दोन वर्षं तसंच करतेय. ते दोन नाहीतच. माझ्या हाताला ते एकच आहेत." मधे तार नाही, म्हणून लिहायला जोडणी नाही. बावीस वर्षं बोर्ड जोडणाऱ्या हातानेच तिला फसवलं होतं. आणि लिहिलेला दावा तपासणाराही तोच हात होता. आत्याला तो चहात भुगा पडलेला इंजिनियर आठवला. तो रडलेला माणूसही आठवला. ती कपाळावर हात मारून खुर्चीत टेकली. "तपासनीसाचं बरोबर आहे गं. माझाच दावा बाजाराची पिशवी."

"बरोबर आहे तर लिहून टाका ना आता."

"आता नाही लिहिता येत. आकृतीत दोन चौकोन नुसते शेजारी बसलेत. जुन्या कागदांत कुठे असेल तरच."

वहिनी टेबल आवरायला लागली. आधी उरलेल्या तारा डब्यात गेल्या, मग तिचा हात मीटरवर थांबला. "आज ह्याला वाजवायचं नाही का? नेहमी तर बोर्ड झाला की आधी टीं टीं करता."

आत्या उठली. उठली म्हणजे कशी, खुर्ची मागे पडली. ती कपाटापाशी गेली, अर्जाची प्रत काढली, पानं उलटत शेवटी गेली आणि बोट एका परिच्छेदावर ठेवून मोठ्याने वाचू लागली. पहिल्यांदाच ती स्वतःचे शब्द दुसऱ्याचे असल्यासारखे वाचत होती:

"'बोर्ड तयार झाल्यावर वीज बंद करून मीटर बीपवर ठेवावा. एक प्रोब कपॅसिटरच्या वरच्या पायावर, दुसरा स्विचच्या मधल्या टोकावर. पायडल वर असो वा खाली, मीटर वाजलाच पाहिजे. न वाजल्यास डाग पुन्हा द्यावा.'"

"मग?" वहिनीने विचारलं.

"मग काय मग! पायडल कुठेही असो, मीटर वाजतो, म्हणजे ही दोन जोडलेली आहेत! पहिल्या दिवसापासून लिहिलंय! दुरुस्तीच्या पुस्तकात लिहिलंय!" आणि आत्याने वहिनीला धरून टेबलाभोवती एक गिरकी मारली. डबा सांडला. रेझिस्टर अजूनही सोफ्याखाली सापडतात.

वकीलबाईंना फोन केला तेव्हा त्यांनी तो परिच्छेद आत्याकडून दोनदा वाचून घेतला. मग त्या म्हणाल्या, "तो परिच्छेद मी कापणार हो—" पुढचं गिळलं.

नवा दावा तयार झाला. 'जेणेकरून' ह्या शब्दामागे लपलेलं सगळं बाहेर काढून जोडणीत सांगितलं: मधलं टोक कपॅसिटरच्या वरच्या पायाला सरळ जोडलेलं. ह्या वेळी आत्याने तो स्वतः वाचलाच नाही. वहिनीने त्यावरून पाटी जोडली, एकही टोक उरलं नाही. उत्तर मुदतीत गेलं. तरी तपासनीसाचं पूर्ण समाधान झालं नव्हतं. त्याने व्हिडिओवर सुनावणी ठेवली.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी आत्याचे हात गार. वकीलबाईंनी बजावलं होतं, "तपासनीसांना उलट प्रश्न विचारायचे नाहीत. तुमचं ते 'लिहिलंय का' तर मुळीच नाही." तेव्हा भाचीने पैज लावली. आत्या सुनावणीत एकदा तरी 'लिहिलंय का' म्हणणारच. म्हणाली, तर भाचीने शाळेच्या कार्यक्रमात आत्याचा खरा चष्मा लावून आत्याची नक्कल करायची. नाही म्हणाली, तर भाचीने एक महिना आत्याची नक्कल करायची नाही. आत्याने ते कागदावर उतरवलं, दोघींनी सह्या केल्या. त्या धांदलीत हात जरा ऊबदार झाले.

सकाळी अकरा वाजता ऑफिसातल्या पडद्यावर तपासनीस आला. पिकलेल्या मिशा, एकेक शब्द पारखून ठेवणारा, दोन शब्दांमध्ये चहा करून यावा एवढी जागा. वकीलबाईंनी चार मिनिटांत सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "हं." मग आत्याकडे पाहिलं. "ताई. मधलं टोक... आणि कपॅसिटर... हे सरळ जोडलेले आहेत. असं... मूळ कागदांत..." तो थांबला. दाराआड उभ्या भाचीचा श्वासही थांबला. "...लिहिलंय का?"

आत्याचं तोंड उघडं पडलं. कारखान्यातली बावीस आणि ऑफिसातली पाच, एवढ्या वर्षांत तिला हा प्रश्न कुणी, वहिनी सोडून, विचारलाच नव्हता.

"लिहिलंय साहेब," ती म्हणाली. "पान अकरा, शेवटचा परिच्छेद."

पानं उलटल्याचा आवाज. "बीप म्हणजे?"

आत्याने मीटर उचलून कॅमेऱ्यासमोर धरला, प्रोब एकमेकांना टेकवले. टीं!

"हं. पण ताई... मधे थोडासा रेझिस्टर असला, तरी मीटर वाजतो. मग सरळ जोडलेले... हे कशावरून?"

वकीलबाईंनी पेन घट्ट धरलं. हा प्रश्न त्यांनी योजलाच नव्हता. आत्याने चष्मा कपाळावर ढकलला.

"पुढचं वाक्य बघा साहेब. 'न वाजल्यास डाग पुन्हा द्यावा.' मधे दुसरा भाग असता, तर तो भाग तपासा, बदला, असं लिहिलं असतं. दुरुस्ती करणारी कुणीही तेच लिहील. नुसता डाग पुन्हा द्यायला सांगितलाय, म्हणजे बिघडण्यासारखं तिथे डागाशिवाय काही नाहीच. धातूला धातू."

तपासनीस त्या वाक्याकडे बघत राहिला. मग मिशीखाली काहीतरी हललं. "मी नोकरीच्या आधी... रेडिओ दुरुस्त करायचो," तो म्हणाला. "बरोबर आहे. हा आक्षेप... मागे घेतो."

पडदा काळा झाला. आत्याने आधी मीटर बंद केला, मग डोळे. वकीलबाईंनी गार झालेला चहा तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "ह्यापुढे प्रत्येक अर्जात शेवटी तपासणीचा परिच्छेद घालायचा." अख्खं वाक्य, शेपटासकट.

पाच आठवड्यांनी पेटंटचा कागद आला. आत्याने तो दोनदा वाचला, मग वहिनीला दिला, कारण आता तिचा स्वतःच्या वाचण्यावर भरवसा उरला नव्हता. वहिनीने वाचला आणि ती आत्याला आणि भाचीला कारखान्यात घेऊन गेली, खिडकीकडून चौथ्या मशीनपाशी. पाय पायडलवर दाबला. रांगेचा मुख्य स्विच पाडायला सांगितला, मग वर करायला सांगितला. आजूबाजूची मशीनं धडधडत उठली. वहिनीचं गप्प. सुई जागेवर, चकचकीत, स्थिर. वहिनीने बोट सुईखाली नेऊन ठेवलं आणि आत्याकडे बघून हसली. "अगं बाई, काढ ते बोट!" आत्या ओरडली. "पेटंट मिळालं म्हणून काय झालं!"

राहता राहिली पैज, तिचा निकाल पेटंटचा कागद येईपर्यंत तहकूब होता. भाचीचं म्हणणं होतं की सुनावणीत 'लिहिलंय का' हे शब्द सर्वांदेखत उच्चारले गेले, अगदी हव्या त्या जागी, आणि चष्मा तिला मिळालाच पाहिजे. आत्याने शांतपणे कागद काढला. कुणी उच्चारायचे, ते तिथे पहिल्याच ओळीत होतं: आत्याने. दुसऱ्या ओळीत हरणारीने महिनाभर काय करायचं नाही तेही होतं: तोंडाने, मानेने, चालण्याने अथवा चष्म्याने नक्कल करू नये. भाचीने तो कागद तीनदा वाचला. कुठेही भोक नव्हतं.

आज अठरावा दिवस आहे. तोंड बंद, मान सरळ, चष्मा आत्याच्याच कपाळावर. हाताने नक्कल करू नये असं मात्र त्यात कुठे आढळलं नाही, म्हणून हे लिहिलं. आत्याने वाचलं आणि म्हणाली की 'अथवा'मध्ये हातही आलाच. भाची म्हणाली, लिहिलंय का? तो वाद वहिनीपुढे सुनावणीसाठी पडून आहे. पैज भाची हरली, एवढं मात्र अगदी स्पष्ट आहे.